जपानी आणि पाश्चात्त्य आरपीजी: फरक नेमका कुठून आला?

जपानी रोल-प्लेइंग गेममध्ये (आरपीजीमध्ये) आधीच रंगवलेल्या नायकाची गोष्ट जगायची आणि पाश्चात्त्य गेममध्ये आपला नायक आपणच घडवायचा, अशी विभागणी गेमर मंडळी सर्रास करतात. ढोबळमानाने ती खरीही आहे. मात्र तिचे मूळ दोन समाजांच्या स्वभावात शोधणे मला पटत नाही. त्या काळी घरात कोणते यंत्र होते, याकडे आधी पाहायला हवे.

दोन्ही शाखांचे मूळ एकच आहे. १९७४ साली अमेरिकेत आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळाला १९८१ मध्ये 'अल्टिमा' आणि 'विझर्ड्री' यांनी ॲपल २ संगणकावर आणले. 'अल्टिमा'त कीबोर्डवरचे एकेक अक्षर म्हणजे एकेक आज्ञा होती आणि पात्राचा वंश, पेशा व गुण खेळाडूने आधी ठरवायचे असत.

जपानमध्ये गेम-रचनाकार युजी होरी या दोन्ही खेळांच्या प्रेमात पडले, पण त्यांना हा प्रकार संगणक कधी न हाताळलेल्या मुलांपर्यंत न्यायचा होता. त्या मुलांकडे होता निंटेंडोचा फॅमिकॉम हा टीव्हीला जोडून खेळायचा कन्सोल, ज्याच्या कंट्रोलरवर दिशादर्शक कळ आणि मुख्य बटणे दोनच. १९८६ च्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये म्हणून आज्ञांची यादी पडद्यावर आली, 'अल्टिमा'सारखा वरून दिसणारा नकाशा आणि 'विझर्ड्री'सारखी समोरासमोरची लढाई एकत्र आली, आणि नायक व शत्रू एकास एक झाले. सारा खेळ ६४ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसवायचा असल्याने पात्रे सदैव समोर तोंड करून असत. कुणाशी बोलायचे तर पूर्व, पश्चिम, उत्तर की दक्षिण, हेही निवडावे लागे. खेळ सेव्ह करण्याची सोय नव्हती. राजा वीस अक्षरांचा मंत्र सांगे, तो मुले वहीत उतरवून घेत, आणि एखादे अक्षर चुकले की तासन्‌तासांची मेहनत वाया जाई.

पेशा निवडण्याची मुभा या काटछाटीत गेली, पण जपानी खेळाडूंना ती नकोच होती असे मुळीच नाही. १९८८ च्या 'ड्रॅगन क्वेस्ट ३'मध्ये मधुशाळेत जाऊन योद्धा, पुरोहित, जादूगार असे सोबती स्वतः तयार करता येत, आणि तो भाग जपानमध्ये प्रचंड गाजला.

अमेरिकेत पहिला 'ड्रॅगन क्वेस्ट' पोहोचला १९८९ साली, तोही 'ड्रॅगन वॉरियर' या नावाने. तिथल्या बहुसंख्यांच्या मनात जपानी आरपीजीची प्रतिमा ठसवली ती १९९७ च्या 'फायनल फँटसी ७'ने. तीन डिस्कवर मावणारी, चलत्‌चित्रांनी सजलेली, लेखकाने पुरती बांधलेली ती कथा होती. त्याच वर्षी संगणकावर आलेल्या अमेरिकी 'फॉलआउट'मध्ये मात्र संवादातल्या निवडीगणिक वाट बदलत होती. पुढे २००२ मध्ये 'मॉरोविंड' हा अमेरिकी आरपीजी एक्सबॉक्स या गेम कन्सोलवर आला, दोन्ही प्रकार दिवाणखान्यातल्या एकाच टीव्हीवर दिसू लागले आणि तुलनेला जोर चढला. 'जेआरपीजी' (जपानी आरपीजी) हे लेबल त्या तुलनेत पुष्कळदा हिणवण्यासाठी वापरले गेले. 'फायनल फँटसी १६'चे निर्माते नाओकी योशिदा यांनी २०२३ साली ही खंत उघडपणे बोलून दाखवली, आणि ती रास्त आहे.

आवडीनिवडीने ही सीमा केव्हाच ओलांडली आहे. 'विझर्ड्री'ची मूळ मालिका २००१ साली आठव्या भागावर थांबली, पण जपानमध्ये त्या नावाचे नवे भाग निघतच राहिले. आळीपाळीने खेळायच्या लढाया जुनाट झाल्या, असे म्हणणाऱ्यांसमोर २०२३ मध्ये बेल्जियमच्या लॅरियनने 'बाल्डर्स गेट ३' ठेवला, आणि २०२५ मध्ये फ्रान्समधून 'क्लेअर ऑब्स्क्युर' आला, ज्याचे दिग्दर्शक 'फायनल फँटसी'चे ऋण मोकळेपणाने मान्य करतात.