मोस्काटेल की पेद्रो हिमेनेस? स्पेनच्या दोन गोड वाइन

दोन्ही दक्षिण स्पेनमध्ये होतात, दोन्ही हिरव्या द्राक्षांच्या, दोन्ही गोड आणि दोन्ही जेवणाच्या शेवटी लहान पेल्यात येतात. म्हणून एकीच्या जागी दुसरी सहज मागवली जाते आणि समोरचा पदार्थ फिका पडतो.

फरक द्राक्षातच आहे. मोस्काटेलची वाइन बहुतेक करून ‘मस्कट ऑफ अलेक्झांड्रिया’ या भूमध्य समुद्राकाठच्या फार जुन्या वाणाची असते. लिनालूल आणि जेरानिऑल ही सुगंधी द्रव्यं या द्राक्षात मुळातच असतात; पहिलं धण्यातही सापडतं, दुसरं गुलाबात. त्यामुळे पेला नाकाशी नेला की संत्र्याची फुलं, मध आणि ताज्या द्राक्षांचा वास येतो. पेद्रो हिमेनेसच्या द्राक्षाला (दुकानात ‘पीएक्स’) स्वतःचा असा वास फारसा नसतो. त्याची चव घडते उन्हात आणि पिंपात.

कोर्दोबा प्रांतातल्या मोंतिया-मोरिलेस भागात पीएक्सचे घड तोडून उघड्यावर पसरतात. हेरेस या दक्षिण स्पेनमधल्या गावाच्या, मद्यार्क घातलेल्या शेरी या वाइनमधल्या पीएक्ससाठीही द्राक्षरस इथून नेण्याची नियमांत मुभा आहे. आपला सांगली-तासगावचा बेदाणा शेडच्या सावलीत सुकतो म्हणून हिरवट राहतो. मोंतियात घड थेट उन्हात असतात, त्यामुळे मणी तपकिरी होतात. त्यांचा रस काकवीसारखा दाट निघतो, लिटरमागे 400 ग्रॅमच्याही वर साखर असलेला. एवढ्या साखरेत यीस्टचं फारसं चालत नाही. त्यात द्राक्षांचंच मद्यार्क घालून आंबणं थांबवतात आणि वाइन ओकच्या पिंपांत वर्षानुवर्षं मुरू देतात. जुन्या वाइनमध्ये थोडी थोडी नवी मिसळत जाण्याच्या या पद्धतीला सोलेरा म्हणतात. शेवटी हाती येते ती जवळजवळ काळी, अंजीर, खजूर आणि कॉफीची चव असलेली वाइन.

मोस्काटेलच्या तऱ्हा अनेक. व्हॅलेन्सियाकडे ताज्या रसात मद्यार्क घालून फिकट सोनेरी, साधारण 15 टक्के अल्कोहोलची वाइन करतात. मालागाच्या अक्सार्किया भागात उभ्या डोंगरउतारांवर घड सुकवतात. फायलोक्सेरा ही मुळं खाणारी कीड 1878 मध्ये मालागात पोहोचली आणि तिथले मळे उद्ध्वस्त झाले. तरी हे वाण त्या उतारांवर टिकलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. तिथले काही उत्पादक आज मद्यार्क न घालता वाइन करतात. गोडीला आंबटपणाची धार असलेली ही मोस्काटेल माझ्या मते सगळ्यांत सुंदर.

रंगावर मात्र विसंबू नका. चिपिओनाच्या समुद्राकाठी, हेरेसच्या परिसरात, पिंपात मुरलेली मोस्काटेलही गडद असते. वास घ्या. काळोख्या रंगातूनही फुलं आणि संत्र्याची साल जाणवली, तर ती मोस्काटेल.

आता खाण्याचं. वाइन गोड पदार्थापेक्षा गोड हवी, नाहीतर ती आंबट आणि पाणचट लागते. फिकट मोस्काटेल फळांबरोबर खुलते: पीच, जर्दाळू, खरबूज. बदामाचा केक, लिंबाचा टार्ट, ईस्टरच्या आठवड्यात होणारे तोरिहास (दुधात भिजवून तळलेले पावाचे काप) यांच्याशीही तिचं जमतं. डार्क चॉकलेटपुढे मात्र ती हरते.

तिथेच पीएक्स उभी राहते, कारण तिला कडवटपणा, खारटपणा किंवा थंडपणा समोर लागतो. व्हॅनिला आइस्क्रीमवर दोन चमचे ओतायची स्पेनमधली पद्धत म्हणूनच इतकी रुळली आहे. त्याहून सरस जोडी आस्तुरियासच्या काब्रालेस या निळ्या बुरशीच्या, तिखट-खारट चीजची. फळांवर पीएक्स ओतू नये; फळाची चव उरत नाही.

फिकट मोस्काटेल चांगली गार द्यावी, पीएक्स किंचित कमी गार. उघडलेली पीएक्स झाकण लावून फ्रिजमध्ये महिनाभर तरी सहज टिकते. ताज्या मोस्काटेलचा सुगंध लवकर उतरतो, ती बाटली आठवड्याभरात संपवावी.