भारत-फ्रान्स सामरिक भागीदारी

भारत व फ्रान्स यांच्यातील राजनैतिक, संरक्षणविषयक आणि व्यापारी सहकार्याची व्यवस्था. २६ जानेवारी १९९८ रोजी, फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष जाक शिराक प्रजासत्ताक दिनाचे प्रमुख पाहुणे असताना, ती सुरू झाली. भारताने कोणत्याही देशाशी जोडलेली ही पहिली सामरिक भागीदारी. तिची परीक्षा लगेचच झाली. त्याच वर्षी मे महिन्यात पोखरणला अणुचाचण्या झाल्या; अमेरिका व जपानने निर्बंध घातले, फ्रान्सने घातले नाहीत. पॅरिसविषयी दिल्लीत जो विश्वास दिसतो, त्याचे मूळ या प्रसंगात आहे.

अर्थात ओळख त्याआधीची होती. पाँडिचेरीचा प्रश्न १९५४ मध्ये वाटाघाटींनी सुटला. त्याच दशकात ‘तूफानी’ (ऊरागाँ) ही फ्रेंच लढाऊ विमाने हवाई दलात आली. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने तारापूर अणुवीज केंद्राचे इंधन देण्यात खळखळ सुरू केली, तेव्हा १९८२ च्या करारानुसार ते फ्रान्सने पुरवले. अवकाश क्षेत्रात तर व्यवहार जवळजवळ वस्तुविनिमयाचाच होता: १९७४ च्या करारानुसार भारतीय अभियंत्यांनी फ्रान्समध्ये ‘व्हायकिंग’ या रॉकेट इंजिनावर काम केले आणि त्या बदल्यात तंत्रज्ञान मिळवले. उपग्रह सोडणाऱ्या पीएसएलव्ही या भारतीय रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यातील ‘विकास’ इंजिन हे त्याचे फळ.

भागीदारीचा कणा मात्र संरक्षण हाच आहे. १९८५ पासून सेवेत असलेली मिराज २००० विमाने कारगिल युद्धात टायगर हिलवरील लेझर-मार्गदर्शित बॉम्बहल्ल्यासाठी वापरली गेली. २०१६ मध्ये ३६ राफेल विमानांचा करार झाला. पहिली पाच २९ जुलै २०२० रोजी अंबाल्यात उतरली. एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी २६ ‘राफेल मरीन’ घेण्याचे ठरले.

विमाने तयार विकत घेतली, पाणबुड्या मात्र मुंबईत बांधल्या. म्हणून दुसऱ्या व्यवहाराचे मोल अधिक. ऑक्टोबर २००५ च्या करारानुसार माझगाव डॉकमध्ये स्कॉर्पीन वर्गाच्या सहा पाणबुड्या तयार झाल्या. पहिली २०१२ मध्ये मिळायची होती; ‘कलवरी’ नौदलात दाखल व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला. सहावी ‘वाघशीर’ जानेवारी २०२५ मध्ये आली. दुसरीचे नाव ‘खांदेरी’, म्हणजे शिवाजी महाराजांनी थळसमोरच्या बेटावर बांधलेला जलदुर्ग. उशीर झाला, पण पाणबुडी बांधणारे कुशल हात गोदीत तयार झाले. ‘वरुण’ (नौदल), ‘गरुड’ (हवाई दल) आणि ‘शक्ती’ (भूदल) हे संयुक्त सराव नियमित होतात.

व्यापार त्या मानाने तोकडा. २०२३-२४ मध्ये वस्तूंची उलाढाल सुमारे १५ अब्ज डॉलर होती. जर्मनीशी होणारा व्यापार याहून बराच मोठा. सेवाक्षेत्रात चित्र वेगळे आहे: कॅपजेमिनी या फ्रेंच कंपनीचे जेवढे कर्मचारी फ्रान्समध्ये आहेत, त्याहून कितीतरी अधिक भारतात आहेत. राजनैतिक पातळीवर २०१५ च्या पॅरिस हवामान परिषदेत दोघांनी मिळून आंतरराष्ट्रीय सौर आघाडी स्थापन केली. तिचे मुख्यालय गुरुग्रामला आहे. जुलै २०२३ मध्ये बास्तीय दिनाच्या (फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनाच्या) संचलनाला पंतप्रधान नरेंद्र मोदी, तर जानेवारी २०२४ मध्ये प्रजासत्ताक दिनाला एमान्युएल माक्राँ प्रमुख पाहुणे होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मार्सेयला भारतीय वाणिज्य दूतावास सुरू झाला.

सर्वांत रेंगाळलेला प्रकल्प कोकणात आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर येथे प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट, अशी मूळ योजना होती. डिसेंबर २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष सार्कोझी यांच्या भेटीत प्राथमिक करार झाले. पुढे विजेचा दर, अपघातातील दायित्व आणि स्थानिक विरोध यांत काम अडकले. समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याने मासळी जाईल, ही साखरी नाटे गावच्या मच्छीमारांची भीती; जमिनीचा प्रश्न माडबन गावाचा. एप्रिल २०११ मध्ये साखरी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एका आंदोलकाचा मृत्यू झाला. जमीन केव्हाच संपादित झाली. कराराला दीड दशक होत आले तरी तिथे अणुभट्टी उभी राहिली नव्हती.