फ्लॉवर पानांसकट का पाठवतो?

थंडी सुरू झाली की हा प्रश्न हमखास येतो, आणि त्यामागोमाग दुसरा: पानांचे पैसे लावता का? नाही. फ्लॉवर आम्ही नगावर देतो, किलोवर नाही. पानांमुळे गड्डा वाटेत घासत नाही, शिवाय पानं टवटवीत असली की माल ताजा आहे हे तुम्हालाही दिसतं. गड्डा किंचित पिवळसर निघाला तर बिचकू नका, शेतात ऊन लागलं की तो रंग येतो. काळे डाग किंवा बुळबुळीतपणा दिसला तर मात्र बदलून घ्या.

आणल्या आणल्या धुऊ नका. कोरडाच, दांडा वर करून फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे तुऱ्यांवर पाणी साचत नाही. चिरताना गड्डा उलटा धरून खालून देठ कापत जा. वरून सुरी चालवली तर भुगाच जास्त पडतो. मग मीठ-हळदीच्या कोमट पाण्यात तुरे दहा मिनिटं बुडवून ठेवा. एखादी अळी असलीच तर निघून येते.

१०० ग्रॅम कच्च्या फ्लॉवरमध्ये सुमारे ९२ ग्रॅम पाणी, जेमतेम २५ कॅलरी, २ ग्रॅम तंतू आणि जवळपास ४८ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. हे जीवनसत्त्व पाण्यात उतरतं, म्हणून तुरे उकडून पाणी ओतून देऊ नका. वाफवा, नाहीतर मोठ्या आचेवर परता. फार वेळ शिजवलं की गंधकाचा तो उग्र वासही सुटतो. थायरॉइडचा त्रास असेल तर शिजवलेला, बेताचा फ्लॉवर सहसा चालतो, तरी डॉक्टरांना विचारा.

बटाटा-मटार घालून रस्सा सगळेच करतात. कोवळा पाला बारीक चिरून पीठ पेरून भाजी करा, लसणाची फोडणी सढळ हवी. दांडा सोलून किसला की थालीपिठात खपतो. फ्लॉवर किसून जिरं-मिरचीवर परतलेल्या ‘भाता’ला खऱ्या भाताची सर नाही, पण रात्रीच्या हलक्या जेवणाला बरा.

आणि लोणचं! तुरे, गाजर, मटार धुऊन कापडावर पूर्ण कोरडे करा. मोहरीची डाळ, तिखट, हळद, मीठ, भरपूर लिंबाचा रस, वर गार केलेली हिंगाची फोडणी. ओलावा राहिला तर बुरशी धरते. फ्रीजमध्येच ठेवा आणि आठवड्याभरात संपवा.