सीमन्स बुक म्हणजे जहाजावरची नोकरी नव्हे

'हातात सीमन्स बुक आलं की जहाजावर चढायला मोकळे' हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी अनेक तरुणांचे पैसे बुडतात, म्हणून हा खुलासा.

ही पुस्तिका खलाशाची ओळख पटवते, त्याच्या सागरी सेवेची नोंद ठेवते. त्याला काम येतं, हे ती सांगत नाही. ते ठरतं १९७८ च्या एसटीसीडब्ल्यू या, खलाशांच्या प्रशिक्षणाचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारानुसार मिळणाऱ्या प्रमाणपत्रांवर. समुद्रात जीव कसा वाचवायचा, आग कशी विझवायची, प्रथमोपचार कसे करायचे आणि जहाजावर सुरक्षित कसं वागायचं, हे मूलभूत प्रशिक्षण आधी लागतं. शिवाय वैद्यकीय दाखला हवा. तो जास्तीत जास्त २ वर्षं चालतो, वय १८ पेक्षा कमी असेल तर १ वर्षच. टँकरसाठी, म्हणजे तेल, रसायनं किंवा वायू वाहणाऱ्या जहाजांसाठी, वेगळं प्रशिक्षण असतं.

अधिकाऱ्यांचं सक्षमता प्रमाणपत्रही एकदा मिळालं की जन्मभर पुरत नाही. समुद्रावर काम करत राहायचं तर दर ५ वर्षांनी पात्रता पुन्हा सिद्ध करावी लागते. जहाजावर दुसऱ्या देशाचा झेंडा असेल, म्हणजे ते तिथे नोंदलेलं असेल, तर प्रमाणपत्राला त्या देशाची मान्यताही घ्यावी लागते.

आणि एजंट 'नोकरी लावतो' म्हणून पैसे मागत असेल, तर सरळ नकार द्या. २००६ च्या सागरी कामगार करारानुसार भरतीचं शुल्क खलाशाकडून घेता येत नाही. वैद्यकीय दाखला, सीमन्स बुक, पासपोर्ट यांचा खर्च तेवढा त्याच्यावर पडू शकतो.