विमेन्स प्राइझ फॉर फिक्शन

स्त्रीने मूळ इंग्रजीत लिहिलेल्या कादंबरीसाठी ब्रिटनमध्ये दरवर्षी दिला जाणारा पुरस्कार. लेखिका कोणत्याही देशाची चालते. पुस्तक मात्र १ एप्रिल ते ३१ मार्च या पुरस्कारवर्षात ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेले लागते. ३०,००० पौंड आणि ग्रिझेल निव्हन यांनी घडवलेली ‘बेसी’ ही ब्राँझची छोटी मूर्ती असे त्याचे स्वरूप आहे.

स्थापनावर्ष म्हणून १९९१, १९९२ आणि १९९६ अशी तीन वर्षे सांगता येतात. १९९१ मध्ये बुकर या ब्रिटनमधल्या कादंबरी-पुरस्काराच्या अंतिम यादीतली सहाही नावे पुरुषांची निघाली. त्या अस्वस्थतेतून साधारण १९९२ च्या सुरुवातीस लंडनमध्ये लेखन-प्रकाशन व्यवहारातील मंडळी एकत्र आली. कादंबरीकार केट मॉस यांचे नाव पुढे संस्थापक म्हणून रूढ झाले. प्रत्यक्ष पहिला पुरस्कार १९९६ मध्ये हेलन डनमोर यांना मिळाला, म्हणून १९९६ हेच वर्ष धरणे सयुक्तिक. आधीची दोन वर्षे प्रेरणेची आणि तयारीची. प्रायोजक बदलले तसे नावही बदलले: २०१२ पर्यंत ‘ऑरेंज’, २०१४ ते २०१७ ‘बेलीज’, २०१८ पासून सध्याचे. जुन्या मुखपृष्ठांवरचे शिक्के पाहून हे वेगवेगळे पुरस्कार समजू नयेत. केवळ स्त्रियांसाठी पुरस्कार असावा का, हा वाद आरंभापासूनचा; ब्रिटिश कादंबरीकार ए. एस. बायट यांचा त्याला तात्त्विक विरोध होता.

परीक्षक पाच, सर्व स्त्रिया. सध्या दीर्घ यादी १६ पुस्तकांची, लघुयादी सहांची. पुस्तक प्रकाशकच पाठवतो. कथासंग्रह, लघुकादंबरी आणि अनुवाद नियमातच बसत नाहीत.

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार नेमका उलट घडणीचा. त्याची सुरुवात १९९१ ची, म्हणजे त्या बुकर यादीच्याच वर्षाची, हा योगायोग. तो एक वर्षाआड, २७ फेब्रुवारीच्या सुमारास, एका पुस्तकासाठी नव्हे तर एकूण साहित्यकर्तृत्वासाठी दिला जातो आणि स्त्री-पुरुष दोघांनाही खुला आहे. इंदिरा संत (१९९५), विजया राजाध्यक्ष (२०१७) आणि आशा बगे (२०२३) या त्याच्या स्त्री मानकरी. संत कवयित्री, त्यामुळे कथासाहित्याच्या वाट्याला उरतात दोघी. बगे यांची ‘भूमी’ ही कादंबरी इंग्रजी रूपात पाठवली, तरी विमेन्स प्राइझच्या नियमांत ती अनुवाद म्हणून एकदा अडेल. राजाध्यक्षांचा कथासंग्रह दोनदा.