दीर्घकालीन मूत्रपिंड विकार आणि पसरलेला कर्करोग

मूत्रपिंडांची कार्यक्षमता हळूहळू घटत जाऊन कायमची उणावणे ही एक व्याधी. एका अवयवातील कर्कपेशींनी रक्ताच्या किंवा लसीकेच्या वाटेने दूरच्या अवयवांत जाऊन तेथे गाठी धरणे ही दुसरी. दोन्ही स्वतंत्र असल्या तरी एकाच रुग्णात त्या पुष्कळदा एकत्र आढळतात. कधी कर्करोग मूत्रपिंडे बिघडवतो, कधी त्याच्यावरचे उपचार बिघडवतात, कधी मूत्रपिंडांचा जुना विकार विशिष्ट कर्करोगांचा धोका वाढवतो, तर कधी वाढते वय, धूम्रपान आणि लठ्ठपणा ही दोहोंमागची सामाईक कारणे असतात. म्हणून दोन्ही एकत्र दिसल्या एवढ्यावरून एकीने दुसरी घडवली असा निष्कर्ष काढता येत नाही. प्रत्येक रुग्णात कारण शोधावेच लागते, कारण त्यातली काही कारणे वेळेत कळली तर दूर करता येतात.

मूत्रपिंडांचा रक्त गाळण्याचा वेग, म्हणजे गाळणदर किंवा जीएफआर, निरोगी तरुण माणसात मिनिटाला सुमारे १०० ते १२० मिलिलिटर असतो. तो तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला, किंवा लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जाण्यासारखी इजेची खूण तितका काळ टिकली, तर विकार दीर्घकालीन मानतात. वेग १५ च्या खाली गेला की मूत्रपिंडे निकामी झाली असे म्हणतात आणि डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाचा विचार सुरू होतो. हे आकडे १.७३ चौरस मीटर शरीरपृष्ठाच्या प्रमाणात दिलेले असतात.

कर्करोग कोणत्या अवयवात पसरेल हे केवळ रक्तपुरवठ्यावर ठरत नाही. इंग्रज शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासून बीज आणि जमीन यांची उपमा मांडली : कर्कपेशी सर्वत्र वाहून नेल्या जातात, पण मानवेल त्याच जमिनीत रुजतात. मूत्रपिंडे या विचाराचे चांगले उदाहरण आहेत. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्यातून जातो, तरीही इतर अवयवांच्या कर्करोगाच्या गाठी मूत्रपिंडात रुजून ती निकामी होणे क्वचितच घडते. फुप्फुसाचा कर्करोग तेथे पोहोचतो, लसीका पेशींचा कर्करोग मूत्रपिंडाच्या ऊतीत झिरपतो. पण शिल्लक निरोगी भाग काम भागवून नेतो. पसरलेल्या कर्करोगात मूत्रपिंडे बंद पडू लागली, तर कारण बहुधा मूत्रपिंडाबाहेर सापडते, आणि ते आधी तेथेच शोधावे.

अडथळा : बाहेरच्या कारणांत सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मूत्रवाहिन्या दाबल्या जाणे. गर्भाशयमुख, मूत्राशय, प्रोस्टेट व मोठे आतडे यांचे कर्करोग ओटीपोटात पसरले किंवा पाठीच्या कण्यालगतच्या लसीका ग्रंथी फुगल्या की मूत्रवाहिनी बाहेरून आवळली जाते, लघवी मागे तुंबते आणि मूत्रपिंड फुगते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात या खुणेला इतके महत्त्व आहे, की दुसरे कारण नसताना मूत्रपिंड फुगलेले किंवा बंद पडलेले आढळले तर रोग किमान तिसऱ्या टप्प्याच्या 'बी' गटात धरला जातो. एकच बाजू तुंबली आणि दुसरे मूत्रपिंड धडधाकट असले, तर रक्ततपासणीत फारसे काही दिसत नाही. दोन्ही बाजू तुंबल्या की क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी रक्तातून गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ, चढू लागते. येथे एक घातक गैरसमज आहे. 'लघवी तर होते आहे, म्हणजे मूत्रपिंडे ठीक आहेत' असे रुग्ण आणि घरचे म्हणतात. पण अडथळा अर्धवट असेल तर लघवी होत राहते, कधी ती नेहमीपेक्षा जास्तही होते, आणि मूत्रपिंड मात्र आतून झिजत राहते. सोनोग्राफीत मूत्रपिंड फुगलेले दिसले की निदान सोपे होते. कण्यालगतच्या ऊतींनी मूत्रवाहिनी घट्ट वेढली असेल किंवा शरीरात पाणी कमी असेल, तर मात्र ते फुगलेले दिसतेच असे नाही.

तुंबलेली वाट मोकळी करण्याचे दोन मार्ग आहेत : मूत्राशयातून वर सरकवलेली बारीक नळी, म्हणजे स्टेंट, किंवा पाठीतून थेट मूत्रपिंडात घातलेली नळी, जिला नेफ्रोस्टॉमी म्हणतात. बाहेरून दाबणाऱ्या गाठीपुढे स्टेंट निकामी होण्याचे प्रमाण अधिक असते, शिवाय तो ठरावीक महिन्यांनी बदलावा लागतो. पाठीतली नळी अधिक भरवशाची, पण पिशवी बाळगणे, जंतुसंसर्ग आणि नळी निसटणे हा त्रास कायमचा. वाट मोकळी झाल्यावर पहिले काही दिवस लघवीचे प्रमाण प्रचंड वाढू शकते, तेव्हा शरीरातील क्षार आणि पाणी यांवर लक्ष ठेवणे भाग असते. अडथळा आठवड्यांच्या आत दूर झाला तर मूत्रपिंड बरेचसे सावरते. महिने उलटले तर झालेली इजा भरून येत नाही, आणि कर्करोगाने आणलेला तात्पुरता बिघाड कायमचा होऊन बसतो.

हाडांत पसरलेला रोग, किंवा गाठीतून स्रवणारे पॅराथायरॉइडसदृश संप्रेरक, रक्तातील कॅल्शियम वाढवते. त्याने लघवी जास्त होते, अंगातील पाणी आटते आणि गाळणदर घसरतो. तहान, मलावरोध, गुंगी आणि भ्रम ही लक्षणे पुष्कळदा 'रोग वाढला' म्हणून सोडून दिली जातात, वास्तविक शिरेतून सलाइन आणि योग्य औषधे दिल्यास ती उतरतात. मज्जापेशींच्या मायलोमा या कर्करोगात प्रतिपिंडांचे सुटे हलके साखळीअंश मूत्रनलिकांत साचून त्या बुजतात. लसीका पेशींच्या व रक्ताच्या वेगाने वाढणाऱ्या कर्करोगांत उपचार सुरू होताच असंख्य पेशी एकदम फुटतात आणि युरिक आम्ल व फॉस्फेट यांच्या लोंढ्याने मूत्रपिंडे बंद पडू शकतात. काही घन गाठींबरोबर गाळणीच्या पटलाचा विकार होऊन लघवीतून भरपूर प्रथिने जातात. उतारवयात असा विकार नव्याने दिसल्यास लपलेल्या कर्करोगाचा शोध घेण्याची रीत आहे.

क्रिएटिनिनची फसवणूक : हा आकडा मूत्रपिंडांची परीक्षा म्हणून जगभर वापरला जातो. पण क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते, आणि पसरलेला कर्करोग स्नायूच खाऊन टाकतो. स्नायू झडले की क्रिएटिनिन कमी तयार होते आणि बिघडलेली मूत्रपिंडे कागदावर निरोगी दिसतात. उदाहरणार्थ, ७० वर्षांची, ४० किलो वजन उरलेली स्त्री आणि तिचे क्रिएटिनिन डेसिलिटरला १.० मिलिग्रॅम. अहवालात हा आकडा सर्वसामान्य मर्यादेत छापला जातो. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांच्या १९७६ च्या सूत्रात तोच घातला तर १४० वजा वय ७० म्हणजे ७०, गुणिले वजन ४०, भागिले ७२, आणि स्त्री म्हणून गुणिले ०.८५, उत्तर मिनिटाला सुमारे ३३ मिलिलिटर, म्हणजे निरोगी तरुण वेगाच्या एक-तृतीयांशाच्या आसपास. ही चूक विरळा नाही. फ्रान्समध्ये घन गाठींच्या ४,६८४ रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात क्रिएटिनिन वाढलेले रुग्ण ७.२ टक्के होते, पण सूत्राने हिशेब केल्यावर निम्म्याहून अधिकांचा गाळणदर ९० च्या खाली निघाला. उलट बाजूही आहे : स्तनाच्या कर्करोगावरील अबेमासिक्लिबसारखे औषध क्रिएटिनिनचे उत्सर्जन अडवते, त्यामुळे गाळणदर शाबूत असूनही आकडा चढतो आणि औषध विनाकारण बंद होण्याची भीती असते. सिस्टाटिन सी ही दुसरी तपासणी स्नायूंवर तितकी अवलंबून नाही. पण स्टेरॉइडमुळे आणि खुद्द काही कर्करोगांमुळे तीही वाढते. म्हणून एकाच आकड्यावर विसंबून मात्रा ठरवू नये.

औषधे : प्लॅटिनमयुक्त सिस्प्लॅटिनने अंडकोषाच्या पसरलेल्या कर्करोगाचेही बरे होणे शक्य केले, पण मूत्रनलिकांच्या पेशी त्याने मरतात. भरपूर सलाइन आणि मॅग्नेशियम देऊन ही इजा कमी करता येते, पुरती टाळता येत नाही. त्याचा भाऊबंद कार्बोप्लॅटिन मूत्रपिंडांना तुलनेने सौम्य असतो आणि त्याची मात्रा गाळणदरावरूनच काढतात. १९८९ मध्ये मांडलेल्या कॅल्व्हर्ट सूत्रानुसार रक्तात जितका परिणाम हवा तो आकडा, गाळणदर अधिक २५ या बेरजेने गुणायचा. परिणामाचा आकडा ५ धरला तर गाळणदर १०० असलेल्याला ६२५ मिलिग्रॅम, ३० असलेल्याला २७५ आणि गाळणदर शून्य धरलेल्या डायलिसिसच्या रुग्णाला १२५ मिलिग्रॅम. तोच रोग, तेच औषध, आणि मात्रेत पाचपट अंतर. गाळणदर चुकीचा धरला तर ही चूक थेट रक्तपेशी तयार करणाऱ्या अस्थिमज्जेवर येते.

बाकीच्या औषधांचे थोडक्यात : पेमेट्रेक्सेड गाळणदर ४५ च्या खाली आणि कॅपेसिटाबिन ३० च्या खाली देत नाहीत. आयफोस्फामाइड मूत्रनलिकांना, जेमसिटाबिन क्वचित सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा करते. बेव्हासिझुमॅबने रक्तदाब वाढतो आणि लघवीतून प्रथिने जातात. हाडांतील गाठींसाठी दिले जाणारे झोलेड्रॉनिक आम्ल ३० च्या खाली टाळतात. त्याऐवजी वापरले जाणारे डेनोसुमॅब मूत्रपिंडांवाटे जात नाही, पण निकामी मूत्रपिंडे असलेल्यांत कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकते. प्रतिकारशक्तीला मोकळी सोडणारी निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही प्रतिपिंडे मूत्रपिंडांवाटे बाहेर पडत नसल्याने डायलिसिसच्या रुग्णालाही पूर्ण मात्रेत देता येतात. त्यांनी मूत्रपिंडाच्या ऊतीचा दाह होऊ शकतो, आणि सोबत आम्लपित्तावरची ओमेप्राझोलसारखी गोळी चालू असेल तर शक्यता वाढते. वेळेत ओळखल्यास तो स्टेरॉइडने बहुधा आटोक्यात येतो. प्रत्यारोपित मूत्रपिंड असलेल्या रुग्णात मात्र याच औषधांमुळे शरीराने ते मूत्रपिंड नाकारण्याचा मोठा धोका असतो.

उलटा प्रवाह : १९९९ मध्ये अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील डायलिसिसच्या ८,३१,८०४ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यांच्यात कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेच्या १.१८ पट निघाले, आणि वाढ प्रामुख्याने मूत्रपिंड, मूत्राशय व थायरॉइड ग्रंथीच्या कर्करोगांत होती. दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्यांच्या मूळच्या आक्रसलेल्या मूत्रपिंडांत पाणथळ पुटी तयार होतात आणि त्यांत कधी कर्क उद्‌भवतो. प्रत्यारोपणानंतर धोका आणखी वाढतो, कारण नवे मूत्रपिंड टिकवणारी औषधे कर्कपेशींवरचा पहाराही ढिला करतात. एकाच विषाने दोन्ही व्याधी देण्याचे ठसठशीत उदाहरण ॲरिस्टोलोकिया वनस्पतीतील आम्लाचे आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये वजन उतरवण्यासाठी वनौषधी घेतलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडे झपाट्याने निकामी झाली आणि पुढे त्यांच्यापैकी अनेकींच्या मूत्रवाहिन्यांत कर्करोग सापडला. बाल्कन प्रदेशातील गावोगावच्या मूत्रपिंड विकाराचे मूळही याच आम्लात निघाले.

निदानातील चकवे : निकामी मूत्रपिंडे पसरलेल्या कर्करोगाची नक्कल करतात, ही बाब पुरेशी सांगितली जात नाही. पॅराथायरॉइड संप्रेरक वर्षानुवर्षे वाढलेले राहिले की हाडे झिजतात आणि त्यांत तपकिरी रंगाच्या पोकळ गाठी होतात. चित्रात त्या हाडांतील कर्करोगासारख्याच दिसतात. या रुग्णांच्या हाडांच्या स्कॅनमध्ये सगळा सांगाडा उजळून निघतो, आणि सर्वदूर पसरलेल्या प्रोस्टेटच्या कर्करोगातही नेमके तसेच दिसते. एचई४, सायफ्रा २१-१, एससीसी या कर्करोगाच्या रक्तातील खुणा मूत्रपिंडे न गाळल्यामुळेच वाढलेल्या असू शकतात. मायलोमाच्या तपासणीतले कॅप्पा व लॅम्डा या हलक्या साखळ्यांचे गुणोत्तर निरोगी माणसात ०.२६ ते १.६५ असते, मूत्रपिंड विकारात ३.१ पर्यंत सामान्य धरावे लागते. अशा रुग्णाला 'कर्करोग पसरला' असे सांगण्यापूर्वी शक्य असेल तेथे ऊतीचा तुकडा तपासणे हे त्याच्याप्रतीचे किमान कर्तव्य आहे.

मूत्रपिंडाचाच कर्करोग पसरलेला असेल तर पूर्वी आजारी मूत्रपिंड काढूनच औषधे सुरू करण्याचा प्रघात होता. २०१८ मधील कार्मेना चाचणीत मध्यम व वाईट संभाव्यतेच्या रुग्णांत केवळ सुनिटिनिब गोळ्या घेणारे शस्त्रक्रिया करून गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा आयुर्मानात मागे पडले नाहीत. ज्याचे दुसरे मूत्रपिंड आधीच अशक्त आहे त्याच्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट आहे.

डायलिसिस, वेदना आणि निवड : दोन्ही व्याधींनी रक्त कमी होते. मूत्रपिंड विकारात त्यावर तांबड्या पेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने हा रोजचा उपचार. कर्करोग असेल तर मात्र रक्ताच्या गुठळ्या आणि काही कर्करोगांत रोग बळावणे यांचा धोका असल्याने ती जपून आणि कमीत कमी मात्रेत देतात. पसरलेला कर्करोग असताना प्रत्यारोपण सहसा केले जात नाही. डायलिसिस मात्र केवळ कर्करोगाचे नाव ऐकून नाकारू नये : अडथळा सुटेपर्यंत किंवा मायलोमावरचे औषध लागू पडेपर्यंत तो पूल ठरतो. रोग कशालाच दाद देत नसेल, तर आठवड्यातून तीनदा चार-चार तास यंत्राशी बांधून राहणे उरलेल्या दिवसांचा केवढा भाग घेईल हे रुग्णाशी स्पष्ट बोलावे. काही आठवड्यांची मुदत ठरवून डायलिसिस करून पाहणे आणि मग पुन्हा बसून ठरवणे, हा त्यातला एक प्रामाणिक मार्ग आहे.

डायलिसिस न घेण्याचे किंवा थांबवण्याचे ठरले तरी धाप, मळमळ, खाज आणि वेदना यांवरचे उपचार थांबत नाहीत. मॉर्फिनचे यकृतात तयार होणारे अंश मूत्रपिंडांवाटेच बाहेर पडतात. ती बंद असली की ते साचतात, रुग्ण गुंगतो, हातपाय झटके देतात, श्वास मंदावतो, आणि घरच्यांना वाटते की शेवट आला. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी उरलासुरला गाळणदरही जातो. फेंटानिल किंवा ब्युप्रेनॉर्फिन यांची त्वचेवर लावायची पट्टी अशा वेळी अधिक सुरक्षित असते, आणि मज्जातंतूंच्या वेदनेवरच्या गॅबापेंटिनची मात्रा गाळणदराप्रमाणे बरीच उतरवावी लागते. मॉर्फिन बदलल्यावर एकदोन दिवसांत गुंगी उतरून रुग्ण घरच्यांशी पुन्हा बोलू लागतो, असे अनेकदा दिसते.