सलग 18 सिरीज जिंकल्या, मग एकोणिसावी पण आपलीच ना?

2024 च्या ऑक्टोबरमध्ये पुण्याजवळ गहुंजेला न्यूझीलंडनं आपल्याला 113 रननी हरवलं आणि घरच्या मैदानावर सलग 18 टेस्ट सिरीज जिंकल्याचा रेकॉर्ड थांबला, 2013 पासून चालू होता तो. पुढे वानखेडेवर पण हरलो, सिरीज 3-0. ग्रुपवर लगेच सुरू, याला काढा, त्याला रिटायर करा, कोचला घरी पाठवा. आता टीम वाईट खेळली यात वादच नाही, बंगळुरूत 46 वर ऑल आउट होणाऱ्यांची वकिली मी तरी करणार नाही, पण आपली अपेक्षा काय होती ते जरा आकडेमोड करून बघा.

समजा घरची कुठलीही सिरीज भारत जिंकायची शक्यता 90 टक्के आहे. भरपूर झाली की! आता लागोपाठ 18 जिंकायच्या तर 0.9 हा आकडा 18 वेळा घेऊन सगळ्यांचा गुणाकार करायचा, उत्तर येतं साधारण 0.15, म्हणजे जेमतेम 15 टक्के. एवढी तगडी टीम असूनही कुठेतरी एकदा अडखळायचा चान्स 85 टक्के (सिरीज एकमेकींपासून अगदी सुट्या नसतात, पण ढोबळ हिशोबाला चालतंय). पण मॅच बघताना कोण गुणाकार करत बसतं, आपण सरळ 90 चे 100 करून मोकळे होतो.

बरं, हे नुसतं गणित कच्चं असल्यामुळे होत नाही. अमेरिकेत एनएफएलच्या (तिथली अमेरिकन फुटबॉलची लीग) फॅन्सवर एक अभ्यास झाला होता, 2011 मध्ये छापून आला. फॅन्सना सीझनभर दर आठवड्याला कोण जिंकेल ते विचारायचं. अचूक अंदाज लावण्यात फायदा होता, दर आठवड्याला खरा निकालही समोर येत होता, तरी आपल्या लाडक्या टीमबद्दलचा फाजील आशावाद चार महिन्यांनंतरही जवळपास तेवढाच! म्हणजे अनुभवानं शहाणपण येतं वगैरे इथे फारसं लागू नाही.

त्यात आपण शेवटचा चांगला डाव डोक्यात धरून बसतो. सर्फराज खाननं बंगळुरूत दुसऱ्या डावात 150 मारले, झालं, पोरगा सेट झाला. पुढचे चार डाव 11, 9, 0 आणि 1, त्यातले शेवटचे दोन तर त्याच्या मुंबईतच. फॉर्म, दबाव, टेक्निक, जे म्हणायचं ते म्हणा, पण 150 ही खेळीच मुळात कुठल्याही बॅट्समनच्या सरासरीपेक्षा फार वरची असते, त्यामुळे पुढचा डाव तिच्याखाली असायची शक्यता आधीपासूनच जास्त. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात.

आणि पिचचं बघा. भरपूर वळणाऱ्या पिचवर आपले स्पिनर भारी ठरतात हे खरं, पण तिथे समोरचा साधा स्पिनरही भयंकर दिसतो, मॅच छोटी होते आणि मॅच जितकी छोटी तितका दुबळ्या टीमला चान्स जास्त. न्यूझीलंडचा स्पिनर सँटनर यानं त्याआधी टेस्टमध्ये एका डावात पाच विकेट कधीच घेतल्या नव्हत्या, गहुंजेला मॅचमध्ये 13 घेतल्या. याच मैदानावर 2017 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ओकीफनं 12 काढल्या होत्या आणि आपण 333 रननी हरलो होतो, पण ते कुणाला आठवत नव्हतं.

आठवत का नाही, यात डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचाही हात असावा. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी 1990 च्या दशकात माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी नुसत्या बक्षिसाला नाही तर अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांच्यातल्या फरकाला प्रतिसाद देतात. अचानक ज्यूस मिळाला की पेशी पेटतात, ठरल्याप्रमाणे मिळाला की विशेष काही नाही, आणि मिळणार असं वाटून मिळालाच नाही तर नेहमीपेक्षाही थंड पडतात. आपण काही माकडं नाही, पण गणित ओळखीचं वाटतं. अठरावी सिरीज आपण गहुंजेच्या महिनाभर आधीच बांगलादेशविरुद्ध जिंकली होती, कानपूरला दोन अख्खे दिवस पावसात गेले तरी झोडपून झोडपून मॅच काढली, खरं तर अफाट खेळले पोरं, पण त्या रात्री तुमच्या गल्लीत कुणी फटाके लावले होते का?